उपाशी गर्भ, जड लेकरू

मुरुमसारख्या गावात मुलांच्या लठ्ठपणाचा विषय काढला की ऐकणाऱ्याला तो आपला वाटतच नाही. लठ्ठपणा पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधला, आपल्याकडं लेकरं वाळलेली आहेत, त्यांचं आधी बघा, असं उत्तर येतं. उमरगा तालुक्यातलं हे नगरपरिषदेचं गाव कर्नाटकाच्या सीमेजवळ आहे. आळंद इथून लांब नाही आणि बाजारात मराठीच्या बरोबरीनं कन्नड कानावर पडतं. शिवारात ऊस आहे, गावात विठ्ठलसाई सहकारी साखर कारखाना आहे. तरीही जिल्हा गरीबच. नीती आयोगानं 2018 साली देशातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांची 'आकांक्षित जिल्हे' म्हणून यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातले चारच जिल्हे तीत आले: नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव. अशा जिल्ह्यात लठ्ठपणाची चिंता कशाला करायची, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, 2015-16 मध्ये, महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 1.9 टक्के मुलांचं वजन उंचीच्या मानानं फार जास्त होतं. पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, हे प्रमाण 4.1 टक्के झालं. पाच-सहा वर्षांत दुपटीहून अधिक वाढ. याच दोन फेऱ्यांत वयाच्या मानानं खुज्या राहिलेल्या मुलांचं प्रमाण 34.4 टक्क्यांवरून 35.2 टक्क्यांवर गेलं. कुपोषण हटलं आणि त्याच्या जागी लठ्ठपणा आला, असं घडलेलं नाही. खुजेपणा होता तिथंच राहिला आणि त्याच राज्यात, पुष्कळदा त्याच वस्तीत, अतिवजनाची भर पडली. देशाचं चित्र याहून मोठं आहे. पाच ते एकोणीस वयातली लठ्ठ मुलं भारतात 1990 साली सुमारे चार लाख होती. 2022 पर्यंत ती सव्वा कोटी झाली.

चार टक्के हा आकडा लहान वाटतो. अंगणवाडीतल्या शंभर मुलांत चार जड आणि पस्तीस खुजी असतील, तर सेविकेचं लक्ष पस्तिसांकडंच जाणार, आणि ते योग्यच आहे. पण ही चार आणि ती पस्तीस मुलं दोन वेगळ्या जगांतली आहेत असं समजणं चुकीचं आहे. गरिबी लेकराला आधी आईच्या पोटात उपाशी ठेवते आणि मग स्वस्तातल्या पिठा-साखर-तेलानं त्याचं पोट भरते. लठ्ठपणा हा भुकेचा शेवट नाही. आपल्या भागात तो भुकेचाच पुढचा टप्पा आहे.

पोटातली वर्षं

हे कळायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही, कारण या विषयावरचं जगात नावाजलेलं काम पुण्याजवळच्या खेड्यांत झालं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या या बायकांची सरासरी उंची 152 सेंटिमीटर होती आणि वजन 42 किलोंच्या आसपास. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोंची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरातली बाळं त्याच वेळी साडेतीन किलोंची जन्मत होती. इथवर नवल काही नव्हतं. लहानखुऱ्या, अर्धपोटी आईचं बाळ लहान असणारच.

नवल पुढं होतं. संशोधकांनी बाळांच्या पोटाचा घेर, दंडाचा घेर आणि पाठीवरच्या कातडीची घडी मोजली. पोटातले अवयव आणि स्नायू इंग्रज बाळांपेक्षा बरेच कमी भरले. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच निघाली. वजनात पाऊण किलोनं कमी असलेल्या बाळानं स्नायू गमावले होते, चरबी राखली होती. दिसायला रोड, आतून मेदयुक्त असं हे भारतीय बाळ 2003 साली शास्त्रीय नियतकालिकांतून जगासमोर आलं. त्याच्या पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र छापून आलं. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून काढतात तो बीएमआय दोघांचा अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. वजनकाट्याला न दिसणारी चरबी कशी असते, हे त्या एका छायाचित्रानं जगभरच्या डॉक्टरांना पटलं.

असं का होतं? गर्भाला अन्न कमी पडलं की तो वाटणी करतो. मेंदूला आधी द्यायचं, मग बाकीच्यांना. स्नायू, यकृत, स्वादुपिंड यांच्या वाट्याला कमी येतं. पुढं टंचाईच येणार अशी शरीराची धारणा होते आणि मिळेल तो घास चरबीत साठवण्याकडं त्याचा कल जन्मापासूनच राहतो. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. त्या काळात गर्भावस्थेच्या पूर्वार्धात असलेली मुलं एकोणिसाव्या वर्षी सैन्यभरतीला आली तेव्हा त्यांच्यातलं लठ्ठपणाचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट निघालं. मुलगा जन्मला तोवर दुष्काळ संपलेला होता. शरीरानं मात्र तो लक्षात ठेवला होता.

पुण्याजवळच्या मातांबद्दल आणखी एक गोष्ट कळली. निम्म्याहून अधिक जणींत ब-12 जीवनसत्त्व कमी होतं. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. फोलेट भरपूर आणि ब-12 कमी अशी ज्या मातांची स्थिती होती, त्यांची मुलं सहाव्या वर्षी अंगात जास्त चरबी बाळगून होती आणि त्यांच्या शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नव्हतं. या अभ्यासातली सगळी मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यातल्या 37 टक्के मुलग्यांची आणि 18 टक्के मुलींची रक्तशर्करा वाढलेली आढळली. ही मुलं लठ्ठ नव्हती. सरासरीनं सडपातळच होती.

आता हे ज्ञान घेऊन मुरुमच्या शाळेत येऊ. मराठवाड्यात 2012-13 चा दुष्काळ झाला, मग 2014 आणि 2015 अशी लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या वर्षांत गावोगावच्या गरोदर बायका टँकरच्या रांगेत उभ्या होत्या, दूधदुभतं विकलं गेलं होतं, भाजीपाला घरात येत नव्हता. त्या पोटांतली लेकरं आज दहा-अकरा वर्षांची आहेत. पाचवी-सहावीच्या वर्गात बसली आहेत. त्यांच्या आज्या-आजोबांनी 1972 चा दुष्काळ पाहिला आहे. रोजगार हमीच्या खडीवर सुकडी खाल्ली आहे, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या आहेत. आजी लहानपणी अर्धपोटी, म्हणून आई लहानखुरी, म्हणून लेकरू कमी वजनाचं. वर्गातल्या एखाद्या मुलाचं पोट सुटलेलं दिसतं तेव्हा त्यामागं निदान तीन पिढ्यांचा हिशेब असतो. 'खातो किती!' एवढ्यावर तो मिटत नाही.

ब्राझीलच्या साओ पाउलो शहरातल्या झोपडवस्त्यांत ॲना लिडिया सवाया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुज्या मुलांचा अभ्यास केला. वयाच्या मानानं उंची कमी राहिलेल्या मुलांचं शरीर उपाशीपोटी चरबी कमी जाळतं आणि पिष्टमय पदार्थांवर जास्त चालतं, असं त्यांना 2000 साली दिसलं. थोडक्यात, कुपोषणातून वाचलेल्या मुलापुढं तेलकट-गोड खाणं आलं, तर त्याच्या अंगावर चरबी धनिकाच्या मुलापेक्षा सहज चढते. आपल्याकडं कुपोषित बालकाचं 'वजन वाढलं' की फाइल बंद होते. वाढलं ते काय, हाडं-स्नायू की चरबी, हा पुढचा प्रश्न विचारायची पद्धत अजून रुळलेली नाही.

चुलीपुढचा बदल

हा मुलूख ज्वारीचा. सोलापूर, धाराशिव, लातूर हा सगळा पट्टा रब्बी ज्वारीवर जगला. भाकरी, तुरीचं वरण नाहीतर पिठलं, शेंगदाण्याची चटणी, आणि हंगामाप्रमाणं अंबाडी, घोळ, तांदूळजा, हरभऱ्याचे शेंडे, कोवळी करडई. तेलही करडईचं, गावच्या घाण्यावरचं. हे जेवण श्रीमंती नव्हतं आणि त्यात दूध-अंडी बेताचीच होती. पण शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच चोथा असतो. पॉलिश केलेल्या तांदळात चोथा तिच्या पावपटीहून थोडा जास्त. भाकरी चावावी लागते, पोटात टिकते, साखर रक्तात हळू सोडते.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, या भागातलं प्रत्येक घर शेतात जेवतं. भज्जी, उंडे, आंबील, खीर. एका भज्जीत किती तऱ्हेच्या डाळी, शेंगा आणि पालेभाज्या पडतात, हे ज्यानं खाल्लं त्याला सांगायला नको. आहारतज्ज्ञ ज्याला सकस, वैविध्यपूर्ण आहार म्हणतात तो वर्षातून एकदा संपूर्ण तालुका आपल्या हातानं रांधतो. ज्ञान आहे, चव आहे. रोज तसं रांधायला लागणारा पैसा, वेळ आणि रान नाही.

रानात सोयाबीन आलं. नगदी पीक म्हणून त्यानं शेतकऱ्याला हात दिला, यात शंका नाही. पण ते ताटात येत नाही, अडतीवर जातं. ज्वारी, करडई, मूग, मटकी मागे हटली. शेतमजुराला पूर्वी ज्वारीच्या रूपात मजुरी मिळे, आता रोख मिळते, आणि घरातलं धान्य रेशनच्या दुकानातून येतं. रेशनच्या धान्यानं मराठवाड्यातली उपासमार थोपवली, हे मी आधी आणि ठळकपणे सांगेन. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्य हक्कानं मिळू लागलं आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत झालं. मात्र हे धान्य मुख्यतः गहू आणि तांदूळ आहे. 2022 च्या दिवाळीत राज्य सरकारनं शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात रवा, हरभरा डाळ, साखर आणि पामतेल होतं. सणाला गोडधोड व्हावं ही भावना चांगलीच. पण सरकार, किराणा दुकान आणि टपरी या तिन्ही वाटांनी गरिबाच्या घरात काय पोचतं ते एकत्र मांडून पाहा: पांढरं पीठ, पांढरा भात, साखर, पामतेल. डाळ त्यात एक किलो. भाजी, फळ, दूध, अंडं यांपैकी एकही नाही.

अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन आणि शंकर सुब्रमणियन यांनी 1983 सालची ग्रामीण महाराष्ट्राची खर्चाची आकडेवारी तपासली होती. हातात पैसा थोडा वाढला की अन्नावरचा खर्च वाढतो, पण पोटात जाणारे उष्मांक तेवढ्या प्रमाणात वाढत नाहीत, कारण माणूस ज्वारीसारख्या धान्याकडून महागड्या, चवीच्या अन्नाकडं वळतो. गरिबालाही चवीचं खावंसं वाटतं. त्यात दोष कसला? दोष असेल तर चवीचं म्हणून त्याच्यापुढं काय ठेवलं गेलं, त्यात आहे.

शाळेसमोरच्या टपरीवर पाच रुपयांत काय मिळतं ते बघितलं की सगळं स्पष्ट होतं. बिस्किटाचा पुडा, चिप्सचं पाकीट, क्रीमचा केक, रंगीत सरबताची बाटली. शंभर ग्रॅम ग्लुकोज बिस्किटात साधारण साडेचारशे उष्मांक असतात आणि वजनाच्या चौथा हिस्सा साखर. पाच रुपयांत केळंही धड येत नाही, अंडं तर येतच नाही. बिस्किट सहा महिने नासत नाही, त्याला फ्रिज लागत नाही, जळण लागत नाही, रांधायला माणूस लागत नाही. सिॲटलचे संशोधक ॲडम ड्रूनोव्स्की यांनी अमेरिकेतल्या किमतींवरून हेच दाखवलं: एका रुपयात जास्तीत जास्त उष्मांक हवे असतील तर साखर, मैदा आणि तेलच घ्यावं लागतं. कमी पैशात घर चालवणारी बाई हा हिशेब न शिकताच बरोबर करते. तिचं गणित चुकत नाही, बाजारातले दर चुकतात.

याला आणखी एक बाजू आहे आणि ती पैशाची नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या आईकडं लेकरू दिवसभरात कितीतरी गोष्टी मागतं. सायकल, बूट, दप्तर, जत्रेतलं खेळणं. बहुतेकांना तिला 'नाही' म्हणावं लागतं. पाच रुपयांचं पाकीट ही एकच गोष्ट अशी की तिला 'घे बाळा' म्हणता येतं. कॅलिफोर्नियातल्या कुटुंबांचा अभ्यास केलेल्या समाजशास्त्रज्ञ प्रिया फील्डिंग-सिंग यांना तिथल्या गरीब आयांमध्ये हेच आढळलं. श्रीमंत आई दिवसभर 'हो' म्हणते, म्हणून खाण्याला 'नाही' म्हणणं तिला परवडतं. उमरग्याच्या शेतमजूर आईची आणि तिकडच्या गरीब आईची ओळख नाही, पण दोघींचं मन मला एकच दिसतं. अशा आईला 'बाहेरचं खायला देऊ नका' असं भिंतीवरच्या तक्त्यातून बजावणं मला निर्दयपणाचं वाटतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची स्थिती सगळ्यांत बिकट. मुकादमाकडून उचल घेतली की दिवाळीनंतर जोडपं कोयता घेऊन निघतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततं. लेकरं बरोबर गेली तर फडावर, कोपीत राहतात. आई पहाटे अंधारात भाकरी थापून निघते, ती थंड भाकरी आणि चहा यांवर दिवस जातो. मागे राहिली तर आजीजवळ असतात. आजीचे हात थकलेले, सकाळी चहा आणि खारी, टोस्ट नाहीतर बटर, दुपारी शाळेतली खिचडी, संध्याकाळी भात. साखरेच्या कारखान्यासाठी राबणाऱ्या घरातलं लेकरू दिवसाचे कितीतरी उष्मांक गोड चहात बुडवून खातं. चमचाभर साखर म्हणजे वीस उष्मांक, आणि चहाच्या एका कपात ती एक चमचा नसते. दिवसभरातल्या एकूण उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांहून कमी असावा आणि पाच टक्क्यांच्या आत आला तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हालचालीबद्दल थोडक्यात. खेळायला मैदान हवं, वेळ हवा आणि घरच्यांची परवानगी हवी. मुलगी वयात आली की तिसरी गोष्ट जाते. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, त्या ग्रामीण भागातल्या लहान वर्गांसाठी डिसेंबर 2021 मध्येच उघडल्या. त्या काळात हातात आलेला मोबाइल नंतर कुणी परत मागितला नाही. पण मुलं खेळत नाहीत एवढंच कारण धरून बसणं मला पटत नाही. ताटातला बदल त्याहून मोठा आहे.

श्रीमंतांचा लठ्ठपणा, गरिबांचा लठ्ठपणा

भारतात आजही सुखवस्तू घरांतली मुलं संख्येनं जास्त लठ्ठ आहेत, हे खरं आहे. इंग्लंडमध्ये चित्र बरोबर उलटं. तिथं दरवर्षी सरकारी शाळांतल्या मुलांची उंची-वजनं मोजतात. 2022-23 मध्ये दहा-अकरा वर्षांच्या मुलांतलं लठ्ठपणाचं प्रमाण सर्वांत गरीब वस्त्यांत 30.2 टक्के होतं आणि सर्वांत संपन्न वस्त्यांत 13.1 टक्के. देशाचं उत्पन्न वाढत जातं तसा लठ्ठपणा श्रीमंतांकडून गरिबांकडं सरकतो. ब्राझील या वाटेनं गेलं. तिथले कार्लोस मोंतेइरो यांना एक कोडं पडलं होतं: लोक घरात साखर आणि तेल पूर्वीपेक्षा कमी विकत आणतात, मग जाडी का वाढते? साखर-तेल आता कारखान्यातून तयार पाकिटात घालून येत होतं, हे त्याचं उत्तर. आपल्या गावातली टपरी याच वाटेवर उभी आहे. युनिसेफनं 2025 मध्ये जाहीर केलं की शाळकरी वयाच्या मुलांत जगभरात लठ्ठपणानं कमी वजनाला पहिल्यांदाच मागे टाकलं, 9.4 टक्के विरुद्ध 9.2 टक्के.

श्रीमंत घराला परतीची वाट असते. ते डॉक्टरकडं जातं, पोहण्याचा वर्ग लावतं, तेल बदलतं. गरीब घरातल्या लठ्ठ मुलाला मात्र कुणी आजारी मानतच नाही. लहानपणी तो 'बाळसेदार' असतो, त्याचं कौतुक होतं, कारण उपाशीपोटी वाढलेल्या आजीला भरलेलं अंग म्हणजे सुदैव वाटतं. तिसरी-चौथीत तो 'ढब्बू' होतो आणि वर्गात हसं होतं. मानेवर काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा येतो. आई तो मळ समजून दगडानं, उटण्यानं घासते आणि लेकरू ओरडतं. तो मळ नसतो. इन्सुलिन काम करेनासं झालं की कातडीवर उमटणारी ती खूण आहे. असा पट्टा दिसला तर घासू नये, डॉक्टरकडं जावं. 2016 ते 2018 या काळात झालेल्या राष्ट्रीय व्यापक पोषण पाहणीत पाच ते एकोणीस वयातल्या सुमारे दर दहा मुलांमागं एक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळलं. त्याच पाहणीत पाच ते नऊ वयातली बावीस टक्के मुलं खुजी निघाली.

ओळखायचं कसं, तेही सांगतो. मुलांना मोठ्यांचा बीएमआय लावायचा नसतो, वय आणि लिंग यांच्या आलेखावर तो पाहायचा असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे 2015 चे आलेख पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांच्या पुढाकारानं तयार झाले. भारतीय शरीरात चरबी जास्त असते हे लक्षात घेऊन त्यांतल्या धोक्याच्या रेषा खाली ओढल्या आहेत. शाळेत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक उंची आणि वजन दोन्ही मोजतं. नुसतं वजन लिहून पान उलटू नये. प्रत्येक मुलाची उंची गेल्या वर्षीपेक्षा किती वाढली, हे आधी बघावं. वजन वाढतंय आणि उंची अडली आहे, असं मूल सर्वांत जास्त धोक्यात असतं, आणि आजच्या पद्धतीत तेच 'सुधारलं' म्हणून सुटतं.

उपायांची सुरुवात आईपासून करावी लागेल आणि तीही लग्नाआधी. किशोरवयीन मुलीच्या ताटात दूध, अंडं, डाळ, पालेभाजी येणं हाच तिच्या होणाऱ्या लेकराच्या लठ्ठपणावरचा पहिला इलाज आहे. रेशनवर गहू-तांदळाच्या जोडीला या भागातली ज्वारी आणि तूरडाळ मिळाली तर शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेल आणि ताट पालटेल. महाराष्ट्रानं 2017 मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून तेलकट-गोड पदार्थ हटवायला सांगितलं, 2020 च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत अशा पदार्थांची विक्री रोखली. नियम चांगले आहेत. पण टपरीवाल्याला हुसकावून प्रश्न सुटत नाही, तोही याच गावातला गरीब माणूस आहे. त्याच्या टपरीवर उकडलेलं अंडं, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, केळी, उकडलेल्या शेंगा विकणं त्याला परवडेल, अशी सोय नगरपरिषदेनं करावी.

आणि सर्वांत सोपी, हातातली गोष्ट म्हणजे शाळेतलं अंडं. राज्य सरकारनं नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळी, देण्याचं ठरवलं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, ब-12, सत्तरच्या आसपास उष्मांक आणि साखर शून्य. खुज्या मुलाला ते हवं आहे आणि जड मुलालाही तेच हवं आहे. दोघांना एकाच वेळी उपयोगी पडणारी दुसरी इतकी स्वस्त वस्तू माझ्या माहितीत नाही. जानेवारी 2025 मध्ये सरकारनं या अंड्यांचा निधी थांबवला आणि हवं असेल तर शाळांनी लोकवर्गणीतून ते द्यावं, असं सांगितलं. मुरुममध्ये, उमरग्यात, लोहाऱ्यात वर्गणी काढून अंडी देणं काही शाळांना जमेल, बहुतेकांना जमणार नाही. आणि जिथं जमणार नाही तिथंच त्यांची गरज सर्वांत जास्त आहे. हा निर्णय चुकीचा आहे. तो मागे घ्यावा आणि आठवड्याला एक नव्हे, निदान तीन अंडी द्यावीत. पालकांनी, शिक्षकांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी ही मागणी ठरावानं जिल्हा परिषदेकडं पाठवावी.